बिअरसाठी साखर आपणच काढायची तर

अनेक देशांत स्वतःपुरती बिअर घरी बनवायला कायद्याची आडकाठी नाही. विकायची नाही, एवढंच. बहुतेकांची सुरुवात डब्यातल्या पाकापासून होते. माल्टचा तयार दाट पाक पाण्यात विरघळवायचा, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळायचा, गार झाला की यीस्ट टाकायचं. बिअर चांगली होते, त्यात कमीपणा काही नाही. पण साखर काढायचं काम कारखान्याने आधीच उरकलेलं असतं. ते आपण करायचं म्हणजे ‘ऑल-ग्रेन’. मागच्या सुट्टीत मी पहिल्यांदा केलं, आणि आता त्या डब्याकडे वळावंसं वाटत नाही.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. मोड येताना दाण्यात एन्झाइम्स तयार होतात, तीच पुढे स्टार्चची साखर करतात. २० लिटर बिअरला साधारण साडेचार-पाच किलो माल्ट लागतं. ते दळायचं नाही, भरडायचं. दाणा फुटला पाहिजे, टरफल मात्र शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे, कारण गाळताना तेच गाळणीचं काम करतं. पीठ पडलं की लगदा होतो आणि खालच्या नळातून धार येत नाही.

पाणी ७२-७३ अंशांवर असताना भरड सोडली की तापमान ६६ च्या आसपास येतं. आता झाकण लावून, पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर थांबायचं. खरी करामत या तासात होते. बीटा अमायलेज या एन्झाइमला ६०-६५ अंश मानवतात. ते लहान साखरी करतं, यीस्ट त्या फस्त करतं आणि बिअर हलकी, कोरडी होते. अल्फा अमायलेज हे दुसरं एन्झाइम ७० च्या आसपास जोरात असतं. त्याच्या मोठ्या साखरी यीस्टला पचत नाहीत, त्या बिअरमध्ये राहतात आणि ती तोंडात भरीव लागते. म्हणजे दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले की बिअरचा स्वभाव बदलतो. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर चकचकीत भांड्यांऐवजी चांगल्या थर्मामीटरवर करा.

सुरुवातीला ते पाणी पांढुरकं, पिठूळ लागतं. थोड्या वेळाने पुन्हा चमचा बुडवला तर रंग मधासारखा, आणि चव चांगलीच गोड! वरून साखरेचा कणही घातलेला नसतो. खात्री करायची तर बशीत थेंबभर घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे. आयोडीनचा रंग तसाच राहिला तर गाळायला घ्या. मिश्रणाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ५.२ ते ५.६ असावा. हे पीएचचं मोजमापही सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये मांडलं ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्याच घरी.

गाळून झालं की चोथ्यावर गरम पाणी सोडून उरलीसुरली साखर धुऊन घ्यायची. पाणी ७७ अंशांच्या वर नको, टरफलांचा तुरटपणा उतरतो. मग तासभर उकळी. पहिले हॉप्स पडताच फेस सरसरून वर येतो, तेव्हा पातेल्यापासून हलायचं नाही. लवकर घातलेल्या हॉप्सचा कडूपणा येतो, शेवटी घातलेल्यांचा वास. उकळी संपल्यावर झटपट गार करायचं, आणि इथून पुढे लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. खरं सांगायचं तर या छंदात निम्मा वेळ भांडी घासण्यातच जातो.

यीस्ट घालण्याआधी हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने, १.०५० दाखवलं, आंबणं थांबल्यावर १.०१२. फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोल जवळजवळ ५ टक्के. एअरलॉकचे (आंबवण्याच्या भांड्यातला गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले म्हणून लगेच बाटल्या भरू नका. काही दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले तरच भरा. लिटरला सहाएक ग्रॅम साखर गॅससाठी पुरते. आधीची साखर शिल्लक असताना ही वर पडली, तर बाटल्या कपाटातच फुटतात.