कर्जतचा धक्का

आज संध्याकाळी डेक्कन क्वीनने मुंबईहून पुण्याला आले, खिडकी मिळाली म्हणजे निम्मं काम तिथेच झालं. पण मला खरी ओढ असते ती कर्जतची, तिथे घाट चढायला मागून बँकर इंजिनं जोडतात ना, तेव्हा एक बारीकसा धक्का मागच्या डब्यांतून सरकत सरकत आपल्या सीटपर्यंत येतो, त्याची मी वडा हातात धरून, लसणाची लाल चटणी बोटाला लागलेली असताना अगदी लक्ष देऊन वाट बघत बसते आणि आला की जाम भारी वाटतं. मग बोगदे, पोरांचा आरडाओरडा, पावसाळ्यात तर धबधब्यांचे तुषार थेट तोंडावर. १९३० पासून धावतेय ही गाडी, काय नशीब आपलं! एसीच्या बंद काचेत ही मजा नाहीच, ठाम मत आहे माझं.