व्हीटीत शिरायचं ते पुढच्या दारानं

महापालिकेसमोरच्या सबवेतून मुंबईच्या व्हीटी स्टेशनात, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसमध्ये, शिरणं म्हणजे वाड्यात परसदारानं जाणं. पायऱ्या उतरायच्या, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांमधून वाट काढायची, पुन्हा पायऱ्या चढायच्या, की थेट लोकलच्या फलाटांपाशी. रोज हजारो माणसं अशीच येतात आणि जातात. जागतिक वारसा म्हणून युनेस्कोनं २००४ साली ज्या इमारतीची नोंद केली, ती त्यांना दिसतच नाही. १९९६ साली नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं, फलकांवर सीएसएमटी झालं. पण बोलताना माझ्या तोंडी व्हीटीच येतं.

म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यानं सबवे टाळावा आणि महापालिकेच्या फुटपाथवर पाच मिनिटं उभं राहावं. पाठीमागची महापालिकेची इमारत आणि समोरचं स्टेशन, दोन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचीच. स्टेशनचं काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं, खर्च सोळा लाखांच्या घरात. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली म्हणून १८८७ सालीच तिचं नाव देऊन टाकलं होतं. घुमटावरची बाई राणी नव्हे, ती 'प्रगती': एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवला, कोनाडा तेवढा राहिला. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ; सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. दगडातली पानं, माकडं, मोर यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दर्शनी भिंतीवरच्या गोल चौकटींत रेल्वे कंपनीशी संबंधित लोकांचे चेहरे आहेत, त्यांत पगडीवाले नाना शंकरशेट शोधा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन पहिली गाडी सुटली, त्यामागे त्यांची खटपट होती. ते बोरीबंदर स्टेशन इथंच जवळ होतं.

आता आत. उपनगरी तिकीटघर म्हणजे 'स्टार चेंबर'. छत निळं, त्यावर सोनेरी तारे, खाली इटालियन संगमरवर आणि घोटलेल्या निळसर दगडाचे खांब. इतक्या देखण्या दालनात माणसं मान खाली घालून सुट्टे पैसे मोजत असतात, आणि मला त्यात त्यांची काही चूक वाटत नाही. मान वर केली की मागचा ढकलतो. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात गर्दी जरा ओसरते, छत बघायचं तर तेव्हा. घुमटाखालचा जिना मात्र मध्य रेल्वेच्या कचेऱ्यांच्या बाजूला, तिथं असंच जाता येत नाही. तो घुमट खालून लाकडी आधार न देता, खाचांत बसणाऱ्या दगडी फासळ्यांवर उभा केला आहे. असली करामत कचेरीच्या आड राहते, याचा मला राग येतो.

फलाट अठरा. १ आणि २ हार्बर मार्गाच्या लोकलचे; ३ ते ७ मुख्य मार्गाच्या लोकलचे, त्यात धीम्या बहुधा ३-४ वर, जलद ५ ते ७ वर. ८ ते १८ लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. सामान असेल आणि गाडी १४ ते १८ वर असेल तर टॅक्सी पी. डिमेलो रोडच्या बाजूला न्यायला सांगा. पुढच्या दाराला उतरलात तर बॅगा ओढत अख्खं स्टेशन आडवं कापावं लागतं. त्यापेक्षाही महागात पडणारी चूक म्हणजे तिकिटावरचं 'एलटीटी' न वाचता व्हीटीला येणं. ते लोकमान्य टिळक टर्मिनस, कुर्ल्याजवळ. तसं झालंच तर टॅक्सी करून रस्त्यात अडकू नका, १ किंवा २ वरून पनवेलच्या बाजूची हार्बर लोकल धरून टिळकनगरला उतरा. क्लोकरूमला कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, हेही आधीच लक्षात असू द्या.

गाडी कुठली ते अक्षरांत दाखवणारा फलाटावरचा इंडिकेटर नवख्याला चकवतो. के म्हणजे कल्याण, टीएल टिटवाळा, बीएल बदलापूर, इथवर सरळ आहे. पण एस म्हणजे कर्जत आणि एन म्हणजे कसारा! कल्याणला मार्ग फुटतो; एक फाटा आग्नेयेला कर्जतकडे, दुसरा ईशान्येला कसाऱ्याकडे. इंग्रजीतल्या साउथ-ईस्ट आणि नॉर्थ-ईस्टची ती अक्षरं. कल्याणपर्यंत कुठलीही चालते. पुढं जायचं असेल आणि अक्षर चुकलं, तर उल्हासनगरऐवजी शहाडला उतरून परत फिरावं लागतं. अक्षराशेजारचा एफ जलद गाडीचा, धीमीचा तोही एसच, म्हणजे घोळ वाढवायला आणखी एक. डब्यांचा आकडा १२ की १५ तेही बघा, नाहीतर गाडी आल्यावर फलाटावर पळापळ.

पावसाळ्यात इंडिकेटर कोरा दिसला तर व्हीटीत पाणी शोधू नका. पाणी शीव-कुर्ल्याला साचतं, तिकडून येणाऱ्या गाड्या अडकतात, आणि आलेली गाडीच उलट जायची असल्यामुळे इथून सोडायला गाडी उरत नाही. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, असतो; त्याचं वेळापत्रक शनिवारीच बघावं.

संध्याकाळी शेवटच्या स्टेशनवरून बसायचं म्हणजे जागा हमखास, असं बाहेरच्यांना वाटतं. पण गाडी आत येते तीच निम्मी भरलेली: मस्जिद, भायखळ्याहून उलटे येऊन जागा धरणारे, म्हणजे 'रिटर्न'वाले, आधीच खिडकीला असतात. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. ती गाडी सोडा आणि पुढची लागेल त्या फलाटावर शेवटच्या टोकाला, डब्याच्या खुणेसमोर उभे राहा.