तीन फुटी दरवाजा

१९९२ साली आम्ही दोघा भावांनी सांगलीत अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं वर्कशॉप टाकलं. पहिली काही वर्षं घर चाललं ते एसटीडी-पीसीओच्या, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या बूथच्या, केबिन बनवण्यावर. पिवळ्या पाट्या गल्लोगल्ली लागत होत्या. रात्री अकरानंतर बाहेरगावच्या फोनला पाव दर, म्हणून तेव्हाच रांग. केबिनचं माप ठरलेलं : तीन बाय तीन, सव्वादोन फुटी दरवाजा, खाली उंबरा.

पीसीओ देताना अपंगांना प्राधान्य असे, त्यामुळे आमची बरीच गिऱ्हाइकं कुबड्या घेऊन येत. एक दादा पोलिओमुळे व्हीलचेअरवर. त्यांच्याकडे बिल मागायला गेलो, तर त्यांनी चौकटीवरचे चाकांचे ओरखडे दाखवले. म्हणाले, "मी काउंटरवरनं बोलेन रे. पण माझ्यासारखा दुसरा आला, तर त्यानं घरचं बोलणं चारचौघांसमोर बोलायचं का?"

एवढी माणसं बघूनही हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

केबिन परत आणली. तीन बाय पाच केली, दरवाजा तीन फुटी, वरून टांगलेला सरकता, म्हणजे खाली पट्टीच नको. फोनची फळी अडीच फुटांवर, खाली गुडघे जातील अशी मोकळी. फोनचं बिल दाखवणारं मीटर बसल्या नजरेला. बाहेर सहा इंचांची पायरी होती, तिथं तीन फुटांचा उतार टाकला आणि चुकलो. चढताना खुर्ची मागे कलली. भावानं धरली म्हणून निभावलं. तेव्हापासून इंचाला फूट, सहा इंचांना सहा फूट.

त्याच बूथवर एक अंध शिक्षक येत. पाचच्या बटणावरच्या ठिपक्यावरून नंबर स्वतः लावायचे, पण मीटरचे लाल आकडे कुणाला तरी विचारावे लागत. त्यावर आम्हाला उपाय सापडला नाही, ही खंत आहे.

मोबाइल आले, केबिन भंगारात गेल्या. आज आम्ही एटीएमच्या केबिन, दवाखान्यांचे काउंटर आणि रॅम्प करतो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानंतर चौकशी वाढली. "जागा नाही, तीन फुटांत बसवा," असं अजून ऐकू येतं. तसलं काम आम्ही घेत नाही. जागा नसेल तर उतार वळवून देतो.

दादांचं आता झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे. केबिन तिथंच आहे, आत मशीन ठेवलंय. गेल्या दिवाळीत दरवाजाचे रोलर बदलून आलो.