एका पुल-अपचे सात महिने

आमच्या व्यायामाच्या बॅचचा पांढरा बोर्ड दारातच लावलाय. डावीकडं नावं आणि उजवीकडं कालचा हिशोब, म्हणजे किती फेऱ्या, किती वजन, किती मिनिटं. सगळं सांगितल्याप्रमाणं केलं त्यांच्यापुढं 'आरएक्स', डॉक्टरच्या चिठ्ठीवर असतं तेच. माझ्यापुढं डिसेंबरपासून जुलैपर्यंत 'बँड'. रोज सकाळी सहा वाजता, चप्पल काढता काढता, ते वाचायचं. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी 43 वर्षांची. शहापुरात एका सोसायटीत काउंटरला बसते (बाहेरगावच्यांसाठी, बेळगावात सोसायटी म्हणजे पतसंस्था). यळ्ळूरच्या राजहंसगडावर शेवटच्या चढाला दोनदा बसावं लागलं, आणि पोरगा म्हणाला, "आई, तू इथंच थांब, आम्ही बघून येतो." पुढच्या सोमवारी टिळकवाडीत नाव घातलं. क्रॉसफिटच्या पद्धतीचा क्लास आहे (वजनं, पळणं, उड्या, सगळं एकत्र), तासाभराचा, बारा-पंधराजणांचा. वाटेत दुसऱ्या नंबरचं रेल्वे गेट. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला पाच बर्प्या (जमिनीवर पालथं पडायचं, उठायचं आणि उडी मारायची) असा नियम, आणि मालगाडी ही सबब चालत नाही. गेटापलीकडून येणाऱ्यांनी घरातून पंधरा मिनिटं आधी निघावं.

पहिले पाच महिने सांगण्यासारखे नाहीत. सगळं वाढतच गेलं. 12 इंची खोक्यावर उडी मारायला घाबरत होते, ती 20 इंचीवर मारायला लागले. न थांबता 400 मीटर पळाले, डेडलिफ्टला (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहायचं) 60 किलो उचलले, वजन 71 वरून 65 वर आलं. टबाटा म्हणजे 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद विश्रांती, असं आठ वेळा. "चार मिनिटांचा व्यायाम?" म्हणून घरचे हसले होते. 1996 साली इझुमी टबाटा या जपानी संशोधकानं त्यावर निबंध छापला, तेव्हा तो सायकलवर करून घेतला होता आणि शेवटी माणसाला पुढं जमूच नये इतक्या जोरानं. आमच्यात बैठकांवर होतो. मी घरच्यांना एकदा हॉलमध्येच करायला लावला. मग कोणी हसलं नाही.

डिसेंबरात पुल-अप आला. वरच्या आडव्या लोखंडी बारला लटकायचं आणि हातांनी अंग ओढून हनुवटी बारच्या वर न्यायची.

जमेपर्यंत बारला जाड रबरी पट्टा अडकवायचा (बोर्डावरचा 'बँड' तो हाच), त्यात पाय घालायचा, तो आपल्याला वर ढकलतो. आधी हिरवा जाड, मग जांभळा, मग लाल बारीक. मार्चअखेर लाल पट्ट्यावर माझे सलग आठ व्हायला लागले. मला वाटलं, झालं आता. पट्टा काढला आणि लटकले. काहीच झालं नाही. एक इंचही नाही. धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखी नुसती लोंबत राहिले.

याचं कारण मला कुणी आधी सांगितलं नाही, म्हणून इथं सांगते. पट्टा सगळ्यात जास्त ताणलेला असतो तळाला, म्हणजे त्याची मदतही तळालाच सगळ्यात जास्त. वर जाईल तशी ती कमी होते. आपण अडतो तळाला, हात सरळ असताना. म्हणजे जिथं ताकद हवी तिथंच मी चार महिने उसनवारीवर जगत होते.

कोच कानडी. मोजतो कानडीत, ओरडतो हिंदीत, आणि मराठी समजत नसल्याचं सोंग करतो. त्यानं निगेटिव्ह लावून दिले. खोक्यावरून उडी मारून हनुवटी बारवर न्यायची आणि मनात पाच मोजत सावकाश खाली यायचं. वर ओढायला जमत नसलं तरी तेच वजन आवरत खाली आणायला स्नायू जास्त दमदार असतात, म्हणून. तीन-तीनचे पाच सेट, आठवड्यातून दोनदाच. मी शहाणपणानं रोज केले, तेव्हा चौथ्या दिवशी काउंटरवर रबरी शिक्का उचलवेना. आणखी एक, लक्षात आलंय तोवर सांगते. नवीन असताना दुसऱ्याचं बघून शंभर-शंभर मारू नका. अंग दुखणं वेगळं, पण लघवी काळ्या चहासारखी झाली तर घरी काढा पीत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

मे महिन्यापासून 'जवळजवळ' सुरू झालं, आणि हाच माझ्या डोक्यात गेलेला काळ. आधी कपाळ बारपर्यंत आलं, मग नाक. मग ओठ. ओठावर तीन आठवडे. खालून कोच ओरडतोय, "गद्द मेले! गद्द मेले!" म्हणजे हनुवटी वर. हनुवटी लोखंडाला टेकली तरी तो मान हलवायचा. वर पाहिजे. बोर्डावर परत 'बँड'. माझ्यानंतर तीन महिन्यांनी आलेल्या कॉलेजच्या पोरीपुढं 'आरएक्स' लागलं त्या दिवशी मी गाडीत बसून रडले, हे नवऱ्याला अजून माहीत नाही.

एकदा मी भांडलेच. अर्ध्या सेंटीमीटरनं काय होतं? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपके सोसायटी में आधा साइन चलता है क्या?" आता सही जुळत नाही म्हणून मी म्हाताऱ्या माणसांना फॉर्म परत करते, हे याला कुणी सांगितलं देव जाणे. त्याच आठवड्यात मी दोघांना परत पाठवलं होतं.

पाय झटकून, अंग हेलकावून वर जायचा एक प्रकार असतो, किपिंग. आमच्याकडं सरळ पुल-अप आल्याशिवाय त्याला परवानगी नाही, कारण खांद्यात ताकद नसताना झटका बसतो तो थेट सांध्यावर. कोच फोनवर असताना मी चोरून दोन केले. बॅचमधल्या काकांनी पकडलं. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, साठी ओलांडलेली. बर्पीला ते "आमचे तालमीतले सपाटेच की हे" म्हणतात. म्हणाले, "वहिनी, दंडानं ओढूलालाय तुम्ही. आधी खांदा खाली ओढा. कान आणि खांदा लांब गेला पायजे. हात मग वाकवा."

सात महिन्यांत ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य. कोचही हेच सांगत असणार, पण 'स्कॅप्युला' (खांद्यामागचं पातं) म्हणून, आणि मी मान डोलवत असणार. घरी आल्यावर माळ्याच्या लोखंडी पाइपाला रोज लटकून नुसते खांदे खाली-वर केले, दहा-दहा वेळा. सासूबाई दारात येऊन, "काय करूलालीस गं लोंबकळून? मांजर ओरडूलालंय, दूध घाल आधी."

तळहाताचं राहिलंच. बारला धरून धरून घट्टे पडतात, ते उंच झाले की एक दिवस कातडीसकट निघतात. आंघोळीला टाच घासायची वज्री असते ना, तीच हलक्या हातानं घट्ट्यावर फिरवायची. महागडे ग्लोव्हज मी घेतले आणि भाचीला दिले. आणि आदल्या रात्री वांग्याचं भरीत-भाकरी पोटभर असेल तर सकाळी बर्पीत ते आठवण करून देतं.

जुलैत बेळगावचा पाऊस म्हणजे हॉलमध्येसुद्धा बार दमट. हाताला लावलेल्या पांढऱ्या पावडरीचा चिखल होतो. अशाच एका बुधवारी टॉवेलनं बार पुसला, लटकले, कान आणि खांदा लांब केले, आणि बार खाली आल्यासारखा वाटला. बारच्या वरून मला पलीकडच्या भिंतीवरची पाल दिसली. ती याआधी कधी दिसली नव्हती. खालून आवाज, "ओंदू!" म्हणजे एक. आणि लगेच, दम खायच्या आत, "इन्नोंदु!" अजून एक म्हणे. उतरले मी.

काकांनी टाळी दिली. कॉलेजच्या पोरीनं मिठी मारली, आणि तिच्यावर धरलेला सगळा राग मी तिथल्या तिथं सोडला, बराचसा. कोच बोर्डापाशी गेला, 'बँड' बोटानं पुसला, मार्करचं टोपण काढलं. मार्कर वाळलेला. दोनदा घासला, उमटलंच नाही. "कल लिखता हूँ, मॅडम."

गुरुवारी मी सोसायटीतला काळा मार्कर पर्समध्ये टाकून निघाले. दुसरं गेट बंद. मालगाडी, त्यात इंजिन मध्येच थांबलेलं. चार मिनिटं उशीर. वीस बर्प्या झाल्यावर मार्कर काढून त्याच्या हातात दिला.