तुम्ही विचारलंत म्हणून: सेशनची नोंद झटपट कशी लिहायची?

गोव्यातल्या क्लिनिकांत नव्याने काम सुरू केलेले स्पीच थेरपिस्ट हमखास विचारतात: सेशन पाऊण तासाचं आणि नोंद लिहायला अर्धा तास, हे कसं थांबवायचं?

नोंदी संध्याकाळसाठी साठवू नका. वेळ लिहिण्यात जात नाही, आठवण्यात जातो. सेशन चालू असतानाच कागदावर खुणा करत जा. समजा, शब्दाच्या सुरुवातीचा 'क' घेतलाय आणि 20 शब्द आहेत. मुलाने आपणहून नीट म्हटला तर रेघ, तुम्ही म्हणून दाखवल्यावर जमला तर गोल, तरीही 'कप'चा 'तप' झाला तर फुली. शेवटी 9 रेघा, 5 गोल, 6 फुल्या. नोंदीत नुसतं '70 टक्के' लिहू नका. '20 पैकी 9 आपणहून, 5 ऐकवल्यावर. 6 वेळा क ऐवजी त' असं लिहा. मागच्या आठवड्यात प्रत्येक शब्द ऐकवून 16 आले असतील, तर 80 वरून 70 ही घसरण वाटते. प्रत्यक्षात मूल पुढे सरकलंय, कारण आता जवळजवळ निम्मे शब्द ते मदतीशिवाय म्हणतंय. मदत किती दिली हे नसेल तर टक्क्यांना काही अर्थ नाही.

आपल्याकडे भाषेचाही रकाना हवाच. घरात कोंकणी, आजीशी मराठी, शाळेत इंग्रजी असं मूल पाण्याचं चित्र बघून 'उदक' म्हणालं तर शब्द बरोबरच धरायचा. मात्र त्यातला क शेवटी येतो, तो सुरुवातीच्या क च्या बेरजेत घालायचा नाही.

नोंद लिहिण्याच्या 'सोप' (SOAP) पद्धतीचे चार भाग सगळ्यांना पाठ असतात: पालकांनी काय सांगितलं, आपण काय पाहिलं-मोजलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय करायचं. गल्लत होते ती दुसऱ्या-तिसऱ्या भागात. 'लक्ष नव्हतं' हा निष्कर्ष झाला. 'पहिल्या 15 मिनिटांत चारदा खुर्चीवरून उठला' हे पाहिलेलं झालं. शेवटचा भाग असा हवा की उद्या तुम्ही रजेवर असाल तर दुसऱ्याला तिथूनच सुरू करता यावं. 'क चालू ठेवणे' यातून त्याला काही कळत नाही. 'काळा कप, काकाची काठी असे दोन शब्दांचे तुकडे, आधी न ऐकवता' यातून कळतं. आणि कालची नोंद चिकटवून तारीख बदलणं कृपा करून टाळा. सहा महिन्यांनी त्या फायलीतून काहीच हाती लागत नाही.

गिळण्याचा त्रास असलेल्या पेशंटची नोंद थोडी लांबली तरी चालेल, तिथे काटकसर नको. पक्षाघातानंतर 'पेज दिली, त्रास नाही' एवढंच लिहिलेलं फार वेळा दिसतं. पण कुठली पेज? नुसती निवळ, घोटलेली, की शितं तरंगणारी? पातळ पाणी आणि शितं एकत्र आली की तोंडाला दोन्ही एकदम सांभाळावं लागतं, आणि शितं चावून होईपर्यंत पाणी घशात उतरतं. म्हणून असं लिहा: 'ताठ बसवून, घोटलेली पेज, चहाच्या चमच्याने 10 चमचे, खोकला नाही, सातव्या चमच्यानंतर आवाज ओलसर, दोनदा गिळायला सांगितल्यावर स्वच्छ.' 'खोकला नाही' म्हणजे 'सुरक्षित' असं मात्र लिहू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊनही काहींना खोकला येत नाही. भरवलं कोणी हेही लिहा, कारण घरी गेल्यावर भरवणारी व्यक्ती वेगळी असते आणि तिला हेच सगळं करून दाखवायचं असतं.