जिन्याखालचं धाकटं पिल्लू

"हे काही जगायचं नाही. कशाला जीव लावतेस?"

जिन्याखालच्या कुत्रीच्या पिल्लांतलं सगळ्यात लहान पिल्लू मी हातात घेतलं आणि काकू बोलल्या. कुत्रीला रोज पोळी घालतात त्या, मनाने वाईट नाहीत. तरी ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

पिल्लू गार पडलं होतं. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग ऊबदार ठेवता येत नाही, आणि गारठलेल्या पोटाला दूध पचत नाही. म्हणून आधी ऊब. मग आईच्या मागच्या सडाला लावलं, तिथे दूध जास्त. दांडगी भावंडं हटेनात, त्यांना बाजूला सारलं. एवढुसं तोंड, पण पकड काय घट्ट! पुढचे पंजे पोटावर दाबत लुचत राहिलं.

निरोगी पिल्लाचं वजन साधारण दहा दिवसांत दुप्पट होतं. याचं रोज थोडं वाढलं तरी पुरे. जन्मतः लहान असलेली कितीतरी पिल्लं पोटभर दूध मिळालं की भावंडांना गाठतात. मग आपण इतक्या लवकर निकाल का लावून टाकतो?

आईचं दूध कमी पडलं तर वरचं द्यावं लागेल, पण गाईच्या दुधात पिल्लांना पुरेशी प्रथिनं आणि स्निग्धांश नसतात. पिल्लांसाठीची दूध पावडर आणि छोटी बाटली कुणाकडे आहे का?