शेवटच्या रांगेतली मुलगी

शनिवार, रात्री साडेदहा

लेक झोपली. झोपेतसुद्धा तिचे पाय हलतायत असं वाटतं.

या आठवड्यात नाचाचे तीन क्लास पाहिले आणि आज एक नक्की केला. खरं तर मंगळवारीच एक ठरल्यात जमा होता. त्याचं काय झालं ते आधी लिहून ठेवते, महिन्याभराने विसरून जाईन म्हणून.

घरापासून चालत सात मिनिटांवरचा स्टुडिओ. भिंतभर आरसे, एसी, छान दिवे. बॉलिवूड, हिप-हॉप आणि 'सेमी-क्लासिकल'. तीन महिन्यांची फी आधी भरायची, डिसेंबरात मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम, त्याच्या ड्रेसचे पैसे वेगळे. आम्ही पालक काचेबाहेर बसलो होतो, दार अर्धवट उघडं होतं. शेवटच्या रांगेत आठेक वर्षांची एक गुटगुटीत मुलगी अगदी मन लावून नाचत होती. सर पुढूनच ओरडले, "पोट आत घे! अशीच राहिलीस तर ड्रेसमध्ये मावणार कशी?" सगळी मुलं हसली. गाणं चालूच राहिलं. ती मुलगी पुढचं सगळं गाणं हात पोटाशी धरून नाचली.

येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "आई, माझं पोट दिसतं का गं?"

सात वर्षांची आहे ती! मी गाडी बाजूला घेतली, तिला पुढे उभं केलं आणि म्हटलं, पोट सगळ्यांना असतं बाळा, त्यात आपण वरणभात ठेवतो. तिला पटलं असावं. मला मात्र अजून बोचतंय ते वेगळंच. मी तिथे गप्प बसले. उठून त्या मुलीपाशी जाऊन "किती छान नाचतेस" एवढं तरी म्हणायला हवं होतं. तिची आई माझ्या शेजारीच बसलेली असेल कदाचित.

गुरुवारी भरतनाट्यमचा क्लास पाहिला. शिकवणं फार नेटकं, ताई कडक पण मायेच्या. प्रत्येक मुलीची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, स्वतः गुडघ्यांवर बसून तपासत होत्या. पण वेळ संध्याकाळी सातची आणि नदीपलीकडे जायचं. परत येईपर्यंत ही गाडीवरच झोपेल. मनापासून वाईट वाटलं.

आजचा क्लास कथकचा. एका जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. पुण्यात कथकचे क्लास गल्लोगल्ली दिसतात, त्यामागे रोहिणीताई भाट्यांची कितीतरी वर्षांची मेहनत आहे. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकलेल्या रोहिणीताईंनी 1947 साली इथे नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली. आजच्या ताईंच्या गुरू तिथल्याच. पण नुसत्या घराण्याच्या नावावर मी भुलणार नव्हते, मंगळवारनंतर तर नाहीच.

आत गेल्यावर आधी जमीन पाहिली. कथकमध्ये पूर्ण तळवा जमिनीवर आपटायचा असतो, तोही शेकडो वेळा. खाली सिमेंटवर घट्ट बसवलेली फरशी असेल तर तो दणका टाचेतून गुडघ्यात येतो. इथे फरशीवर लाकडी पाट्या टाकल्यात, खाली पोकळी ठेवून. मी चप्पल काढून पाय आपटून पाहिला. ताई हसल्या, "पहिल्यांदाच कुणीतरी जमीन बघितली."

मग मी शेवटच्या रांगेकडे पाहत बसले. एक छोटी मुलगी तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं मूळ काम, चुकत होती. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिली ओळ उजव्या पायाने सुरू होते, दुसरी डाव्याने. म्हणजे 'तत्'ला डावा आणि लगेच 'आ'लाही डावाच. तिथेच तिची गाडी अडायची. ताईंनी तबल्याचा ठेका थांबवला, मागे जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाचू नको. आधी म्हण." मग सगळ्या वर्गानेच पाय थांबवून हाताने टाळी-खाली देत ('खाली'ला टाळी न वाजवता हात उलटायचा) बोल म्हटले. सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली. चौथ्या आवर्तनाला त्या मुलीचा पाय आपोआप बरोबर पडला. कुणी हसलं नाही. मला तर रडूच आलं.

विचारायचं ते सगळं विचारलं. एका वर्गात बारा मुली. पालकांनी हवं तेव्हा आत येऊन बसावं. अंगाला हात लावून दुरुस्ती करायची असेल तर आधी मुलीला विचारतात. घुंगरू लगेच नाहीत. पाय स्वच्छ पडायला लागले की एकेका पायात पन्नास. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा मुलगी तयार झाल्यावर. पहिलं वर्ष रंगमंच नाही.

हे शेवटचं सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हिरमुसल्या. "मग आम्ही बघायचं कधी?" त्यांचंही खरं आहे, सांगलीहून येतात त्या अशा निमित्तानेच. ह्यांचं म्हणणं, जवळचा क्लास सोडून वीस मिनिटं लांब कशाला? स्कूटरवरचा प्रश्न सांगितला. मग काही बोलले नाहीत, सोमवारी मीच सोडतो म्हणाले.

रात्री जेवताना लेक ताटाशेजारी टाळी देत बोल म्हणत होती. खालीपाशी चुकायची, स्वतःच थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमटी गार झाली. मी काही बोलले नाही.

सोमवारी साडेपाच. कुर्ता, सलवार आणि कमरेला घट्ट बांधलेली सुती ओढणी, एवढंच आणायचंय. माझी निळी चालेल, दुमडून अर्धी करावी लागेल.